भाटाच्या वहीतला एकच मुलगा

समाजाच्या पुस्तिकेतलं आमच्या घराचं पान मी लिहिलं. ती पुस्तिका कुणी पाहायला मागितली की मी हरवली म्हणून सांगते. ती हरवलेली नाही. कपाटात साड्यांच्या खाली आहे, आणि साडी काढताना हात तिला लागू नये म्हणून मी वरच्यावरच साडी ओढते. मन हलकं व्हावं म्हणून मी हे लिहीत नाहीये. तसं होण्यासारखं त्यात काही नाही. त्या पानावर जे आहे ते चूक आहे, आणि चूक आहे हे माझ्याच अक्षरात कुठेतरी असावं, इतकंच.

सुरतेत प्लेग आला त्या वर्षी आमची निम्मी वस्ती, नवागाम, गावी पळाली होती. मिळेल त्या गाडीत, उभ्याने, लोंबकळत. महिन्या-दोन महिन्यांनी लोक परत आले तेव्हा कुणाचा पत्ता कुणाला लागेना. कुणी बारडोलीला साखर कारखान्यात लागलं, कुणी कडोदऱ्याला लूमवर गेलं, कुणी गावीच राहिलं. तेव्हा समाजाच्या मंडळाने ठरवलं की खानदेशातून सुरतेला आलेल्या आपल्या सगळ्या घरांची एक पुस्तिका काढायची. पत्ता, मूळ गाव, कुळ आणि तीन पिढ्यांची वंशावळ. सोयरीक जमवायलाही उपयोग होईल. प्रत्येक घराने एक फॉर्म भरून द्यायचा होता. पुस्तिका निघेल त्या दिवशी मेळावा, आणि प्रत्येक घरातल्या थोरल्या पुरुषाला स्टेजवर बोलावून टॉवेल, टोपी, नारळ आणि पुस्तिकेची प्रत द्यायची.

आमच्या घरात थोरले म्हणजे आबा. माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. आबा आधी सुरतेला आले, लूमवर लागले, मग नानांना आणलं, आणि शेजारी-शेजारी दोन खोल्या घेतल्या. मधली भिंत एवढी पातळ होती की इकडे फोडणी पडली की तिकडे आबा शिंकायचे. सातवीनंतर मला शाळेतून काढायचं चाललं होतं तेव्हा आबा नानांशी दोन दिवस बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी नानांनी मला गुजराती शाळेत घातलं. मी कॉलेजात गेले ती आबांच्या हट्टामुळे, हे आमच्या चाळीत सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

फॉर्म माझ्याकडेच येणार होता. आबा त्या दिवशी कामावरून आले ते अंगावरचा कापूस न झटकताच माझ्यासमोर बसले.

"मनं नाव वरे लिखजो, पोरी," ते म्हणाले. "मोठा मी शे ना."

"वरच लिहीन की आबा, आणखी कुठे लिहिणार?"

"तसं नही. ठसठशीत लिखजो."

स्वतः आबा दुसरीपर्यंत शिकलेले. सही करायचे, बसची पाटी अक्षरं लावून लावून वाचायचे. आजोबांच्या नावाखाली आपलं नाव छापून येणार याचं त्यांना एवढं अप्रूप का, हे मला तेव्हा कळलं नाही. म्हातारपणाकडे झुकलेला माणूस, हौस असेल, असं वाटलं.

मी तेव्हा बी.ए.ला होते आणि शहाणपण अंगात मावत नव्हतं. इतिहासाचे एक सर होते. ते म्हणायचे, "बे वात मळे तो बेउ लखवी." दोन वेगळ्या गोष्टी मिळाल्या तर दोन्ही लिहायच्या, कुणी सांगितली तेही लिहायचं, आणि घाईने कुणाला खोटं ठरवायचं नाही. सर हे राजेरजवाड्यांबद्दल सांगत होते. मी ते आमच्या दोन खोल्यांना लावायचं ठरवलं. दोनशे पानी वही आणली, पानावर रेघ मारून दोन रकाने केले. डावीकडे माहिती, उजवीकडे ती कुणाकडून मिळाली. चाळीतल्या बायका विचारायच्या, काय लिहितेस गं? मी म्हणायचे, संशोधन.

दिवाळीच्या सुट्टीत नानांबरोबर गावी गेले. आत्या गावातच दिलेली होती, नानांची धाकटी बहीण. तिला मी पहिल्यांदा विचारलं. ती चुलीपुढून न उठता म्हणाली, "आम्ही तीन भावंडं. आबा मोठा, मंग नाना, मंग मी. एक मायना पोटना." मी ते लिहून घेतलं. उजव्या रकान्यात 'आत्या, तोंडी'.

त्याच आठवड्यात भाट गावात होता. आमच्याकडे भाट म्हणजे वंशावळी सांभाळणारा. काही वर्षांनी फेरी करायचा, ओट्यावर बसून कापडात बांधलेली लांबट वही सोडायचा, घरात जन्मलेल्यांची नावं भरून घ्यायचा, आणि धान्य, कपडा घेऊन पुढच्या गावाला जायचा. आमच्या भाऊकीतल्या एका घरी तो बसला होता. मी त्याच्याकडून आमचं घर वाचून घेतलं. चालीवर वाचायचा. आजोबांच्या नावापाशी येऊन त्याने म्हटलं, पुत्र एक, कन्या एक. पुत्र म्हणजे नाना. आबा नव्हतेच. मी पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा एकच.

मग शाळेत गेले. नाहीतरी मला नानांचा दाखला हवा होता. हेडमास्तरांनी जुनं रजिस्टर टेबलावर ठेवलं. नानांची नोंद स्वच्छ होती. आबांच्या नोंदीत बापाच्या नावाच्या जागी जाड शाईने खोडलं होतं आणि वर, वेगळ्या अक्षरात, आजोबांचं नाव घातलं होतं.

आजीचं आजोबांशी पाटाचं लग्न झालं होतं, म्हणजे ती आधी विधवा होती, एवढं मला कधीतरी कानावर आलं होतं. आता सगळं जुळलं. आबा आजीच्या पहिल्या घरचे. तिच्याबरोबर आलेले. मला त्या टेबलाशी उभं राहून वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. घरात एवढी मोठी माणसं होती आणि कुणी बोललं नाही, मी मात्र शोधून काढलं, असा तो आनंद होता. वहीत मी लिहिलं, 'आबांच्या नोंदीत खाडाखोड. खालचं नाव वाचता येत नाही. नोंद भरवशाची नाही. आत्यानेही बापाबद्दल काही न सांगता एका आईच्या पोटचे एवढंच सांगितलं, हे लक्षात घ्यावं.' ते वाक्य लिहून मी स्वतःवर एवढी खूश झाले की परतीच्या गाडीत ते दोनदा वाचलं.

सरांनी दोन्ही लिहायला सांगितलं होतं, हे मला आठवत होतं. वहीत दोन्ही होतं. पण फॉर्मवर एकच ओळ होती. 'मुलगे, ज्येष्ठतेनुसार.' तीन दिवस मी ती ओळ कोरी ठेवली. आबा पलीकडच्या खोलीत होते, भिंतीला चार बोटं वाजवली असती तरी आले असते. मी विचारलं नाही. नानांनाही नाही. विचारलं तर ते आबांचं नाव घालायला सांगतील आणि मग खोटं लिहावं लागेल, असं मी स्वतःला बजावलं. खरं कारण एवढंच की मला कुणी अडवायला नको होतं.

त्या ओळीवर मी फक्त नानांचं नाव लिहिलं. खाली, जागा उरली होती तिथे, बारीक अक्षरात टीप घातली. 'आजीचा पहिल्या घरचा मुलगा सोबत राहतो.'

सोबत राहतो. घर ज्यांनी केलं त्यांना मी भाडेकरू करून टाकलं, आणि तेही सुवाच्य अक्षरात. नानांपुढे फॉर्म धरला तेव्हा ते दाढी करत होते. वाचलंसुद्धा नाही. एका गालाला फेस तसाच, आणि त्यांनी सही करून टाकली. पोरगी शिकलेली, ती काय चूक करणार.

मेळावा एका वाडीत, म्हणजे सुरतेकडच्या लग्नाच्या हॉलमध्ये, होता. रविवार, सकाळ. आबा घरातून निघाले ते बोडक्या डोक्याने. टोपीशिवाय आबांना मी न्हाणीतून बाहेर येतानाही पाहिलं नव्हतं. मोठी आई, म्हणजे आबांची बायको, दारातून ओरडली, अहो टोपी! आबा म्हणाले, आज नवी मिळणार आहे, एकावर एक कशी घालू? केसांना तेल लावून चापूनचोपून बसवले होते. एरवी टोपीखाली असणारा कपाळाचा भाग उरलेल्या चेहऱ्यापेक्षा गोरा होता. आम्ही सगळे हसलो. मीही हसले. तेव्हाही वेळ होती. रिक्षात बसल्यावर सांगता आलं असतं. वाडीच्या फाटकाशी सांगता आलं असतं.

गावी निरोप धाडला होता म्हणून आत्या आली होती. ती बायकांच्या बाजूला बसली. मंडळाचे सेक्रेटरी माइकवर आधी गाव आणि आडनाव सांगायचे, ते ऐकलं की त्या घराचा थोरला उठून चालायला लागायचा, आणि तो स्टेजपाशी पोचेपर्यंत सेक्रेटरी पानावरून त्याचं पूर्ण नाव वाचायचे. असं वीस-पंचवीस घरांचं झालं होतं. आमचं गाव आलं. आडनाव आलं. आबा उठले, सदऱ्याची पुढची बाजू ओढून सरळ केली आणि चालू लागले. खुर्च्यांच्या मधून अर्ध्यावर गेले असतील तेव्हा माइकवर नानांचं नाव आलं.

आबा थांबले. सेक्रेटरींनी नाव पुन्हा वाचलं, सगळ्यांना वाचायचे तसंच. त्यांचा काय दोष, त्यांच्यासमोर माझं पान होतं. नाना खुर्चीतून हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. आबा वळले, आमच्या रांगेपर्यंत परत आले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या, हसऱ्या आवाजात म्हणाले, "जाय ना नाना. तुले बलाई राहिनात." नाना तरी उठेनात. मग आबांनी त्यांना दंडाला धरून उठवलं, स्टेजच्या पायरीपर्यंत नेलं, आणि स्वतः खाली उभे राहिले. नानांच्या डोक्यावर टोपी घातली तेव्हा आबांनी टाळ्या वाजवल्या. बायकांच्या बाजूने आत्या उठून बाहेर गेलेली मला दिसली.

परतताना ऊन होतं. आबांनी डोक्याला हातरुमाल बांधला.

दुपारी ते पुस्तिका घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, वाच. मी आजोबांचं नाव वाचलं, गाव वाचलं, कुळ वाचलं, नानांचं नाव वाचलं. त्यांनी टिपेवर बोट ठेवलं. "आनि हाई बारीक काय शे?"

"पत्ता," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि पुस्तिका घेऊन गेले. बसची पाटी वाचणारा माणूस. संध्याकाळपर्यंत त्यांनी ती ओळ लावून लावून वाचली असणार, कारण दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी मला काहीही वाचायला सांगायचं बंद केलं. रागावले नाहीत. बोलायचे, चिडवायचे, पण कागद पुढे करायचे नाहीत.

नानांनी ती टोपी आबांच्या खुंटीवर नेऊन अडकवली. आबांनी ती परत आणून दिली. नाना माझ्याशी एकच वाक्य बोलले. "तू माले इचारं का बरं नही?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते बापाला सांगण्यासारखं नव्हतं.

आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघायची होती. पिशवी भरता भरता तिने मला बसवलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की ती इतका वेळ रडू आवरून होती. तिने जे सांगितलं ते तिला आजीने सांगितलेलं होतं.

आबा अडीच-तीन वर्षांचे होते तेव्हा आजीचा पाट लागला. पुढच्या फेरीला भाट आला. आजोबांनी आबांना पुढे केलं आणि म्हटलं, लिही, माझा मुलगा. भाट म्हणाला, हा तुमच्या रक्ताचा नाही, वहीत येणार नाही. आजोबांनी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं. त्यानंतर भाट आमच्या ओट्यावर कधी बसला नाही. नानांचं आणि आत्याचं नाव त्याच्या वहीत आलं ते भाऊकीतल्या दुसऱ्या घराने सांगितलं म्हणून. ज्या वहीवर मी विसंबले होते, तिला आजोबांनी स्वतः घराबाहेर काढलं होतं.

आणि शाळा. आबांना शाळेत घातलं तेव्हा आजोबा शेतावर होते. आजी गेली, मास्तरांनी बापाचं नाव विचारलं, तिने घाबरून होतं ते सांगितलं. आजोबांना घरी आल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी ते कामाला गेले नाहीत. पोराचं बोट धरून शाळेत गेले आणि मास्तरांसमोर बसून राहिले. मास्तर म्हणाले, रजिस्टरात खाडाखोड करता येत नाही. आजोबा म्हणाले, मग मी इथेच बसतो. शाळा सुटायच्या वेळेला मास्तरांनी खोडलं.

"हे तू मला दिवाळीत का नाही सांगितलंस?" मी विचारलं. विचारताना माझा आवाज चढला होता. लाज वाटली की मला आधी राग येतो, हे माझं जुनं आहे.

"तू नावे इचारात," आत्या म्हणाली. "नाव कसं पडनं, ते कोठे इचारं?"

मी मंडळाकडे गेले. सेक्रेटरी भले गृहस्थ, त्यांनी चहा पाजला आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू म्हणाले. पुढची आवृत्ती निघाली नाही. मग मी पेन घेऊन घरोघर हिंडले. नवागाम, डिंडोली, एका रविवारी थेट कडोदऱ्यापर्यंत. तुमची पुस्तिका द्या, एक चूक आहे, सुधारते. टीप खोडायची, नानांच्या वर आबांचं नाव घालायचं. पाच-सहा घरं झाल्यावर लक्षात आलं की मी काय करतेय. ज्यांनी आमचं पान उघडलंही नव्हतं ते आता माझ्या खांद्यावरून डोकावून खोडलेल्या ओळीत काय होतं ते वाचायचा प्रयत्न करत होते. एका बाईने तर पान उजेडाकडे धरलं. मी पेनाला टोपण लावलं आणि घरी आले.

वर्षभराने आबांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा कडोदऱ्याचा, चांगलं घर. पत्रिकेचा मजकूर लिहायला आबांनी मला बोलावलं. इतक्या दिवसांनी त्यांनी कागद पुढे केला होता, आणि मी मूर्खासारखी सुखावले. वाटलं, माफ केलं. देवाचं नाव झालं, कुळदेवीचं झालं. 'यांची नात' पाशी आले तेव्हा मी न विचारता आजोबांचं नाव लिहायला लागले.

आबांनी कागदावर हात ठेवला. "ते नको. पुस्तकमा नही ना तसं. नवरदेवकडना लोके वाचतीन, इचारतीन. पोरले तरास नको."

मी म्हणाले, "आबा, आजोबांनीच ते नाव घातलं होतं. भांडून घातलं होतं. मला आत्याने सगळं सांगितलं."

"माले याद शे," आबा म्हणाले. "त्याना बोट धरीसन मीच गयथू ना."

खोलीत मोठी आई, नवरी मुलगी, नाना, सगळे होते. मग एखादी विसरलेली गोष्ट सहज विचारावी तसं आबांनी विचारलं,

"मना पहिला बापनं नाव काय व्हतं? तुनी वहीमा शे ना? मायनी कधी सांगं नही. मी बी इचारं नही. तू रजिस्टर दखेल शे. जे व्हई ते लिखी टाक."

ती वही मी भिंतीपलीकडून घेऊन आले. पान उघडलं. आजोबांनी दिवसभर बसून खोडून घेतलेलं होतं, आणि मास्तरांनी शाई चांगली जाड वापरली होती. डाव्या रकान्यात मी काय लिहिलंय ते मला न बघताही माहीत होतं, पण आबा वाट बघत होते. लूमवर जन्म काढलेल्या माणसाला हळू वाचलेलं ऐकू जात नाही, म्हणून मोठ्याने वाचावं लागलं.

"खालचं नाव वाचता येत नाही."